गावाकडची बोली, खिशात पैसे नाहीत, मुंबईत ओळख नाही. डबिंगमध्ये काम मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की गाव सोलापूरकडचं, सध्या डोंबिवलीत भावाच्या खोलीवर राहता, दिवसा कुरिअरचं काम करता आणि बोलीमुळे लोक हसतात. काम मिळेल. आवाज भारदस्तच हवा, असं मात्र मनावर घेऊ नका. स्टुडिओचं भाडं तासावर चालतं, त्यामुळे समोर आलेला कागद पहिल्या झटक्यात न अडखळता म्हणणाऱ्यालाच पुन्हा फोन येतो.

रोज अर्धा तास वर्तमानपत्रातला अग्रलेख, आधी न चाळता, मोठ्यानं वाचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. अडखळलात तिथे पेन्सिलीची खूण. महिन्याभरात खुणा कमी झाल्या नाहीत तर नजर मागे राहतेय असं समजा. तोंडात एक शब्द असताना डोळा त्याच्या पुढच्या तिसऱ्या शब्दावर हवा.

बोली टाकू नका, तिच्या जोडीला प्रमाण उच्चार बसवा. 'चार' हा आकडा आणि गुरांचा 'चारा', यांतले च वेगळे. 'जरा थांब'मधला ज आणि 'जीवन'मधला ज वेगळे. न-ण आणि ल-ळ यांवरही कान ठेवा. गावरान पात्र आलं की हीच बोली कामाला येते. शहरातली मुलं तिथे ओढूनताणून गावठी बोलतात आणि ते लगेच कळतं.

आवाजाचा नमुना एक मिनिटाचा पुरे: जाहिरात, निवेदन, संवाद आणि एक तुकडा तुमच्या बोलीतला. सगळ्यात चांगला तुकडा आधी, कारण पहिले दहा सेकंद आवडले नाहीत तर पुढचं कुणी ऐकत नाही. 'नमस्कार, माझं नाव' वगैरे नको, नाव फाइलला द्या. उसने पैसे काढून कंडेन्सर माइक तर मुळीच घेऊ नका. एका खोलीच्या घरात तो शेजारचा मिक्सर आणि लोकलचा भोंगासुद्धा टिपतो. मोबाइल चालेल. रात्री उशिरा पंखा बंद करून, पाठीमागे आणि बाजूला दोरीवर गोधड्या टाकून बोला. लोखंडी कपाटाजवळ नको, आवाज घुमतो. फोन तोंडापासून वीतभर लांब, जरासा तिरका. अगदी समोर धरला की प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसतो. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट न करता फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा घसरत नाही.

सुरुवातीचं काम बहुधा क्राउडचं, म्हणजे गर्दीतल्या आवाजांचं असतं: बाजार, मोर्चा, लग्नातला गलका. कमीपणा मानू नका, जुन्या कलाकारांचं लिप सिंक, म्हणजे पडद्यावरच्या ओठांशी आवाज जुळवणं, तिथेच फुकट बघायला मिळतं. हेडफोनमध्ये मूळ आवाज, पडद्यावर टाइमकोड म्हणजे दृश्याची वेळ दाखवणारे आकडे, आणि पात्राचे ओठ मिटतात तिथे आपल्यालाही प, ब, म यांपैकी काहीतरी लागतं. मूळ शब्द 'मॉम' असेल तर ओठ दोनदा मिटतात. 'आई' म्हणताना एकदाही मिटत नाहीत. मग वाक्यच फिरवावं लागतं. असा बदल जो पटकन सुचवतो तो दिग्दर्शकाच्या लक्षात राहतो.

बरेच स्टुडिओ अंधेरी पश्चिम, वर्सोवा, गोरेगाव या पट्ट्यात आहेत. तुम्हाला घाटकोपरला उतरून मेट्रो सोयीची. बोलावणं पुष्कळदा ऐनवेळी येतं, म्हणून कुरिअरची पाळी बदलून मिळते का ते आत्ताच विचारून ठेवा. नोकरी मात्र सोडू नका, पैसे हातात पडायला दोन-तीन महिने सहज जातात. प्रत्येक कामाची तारीख, तास आणि ठरलेली रक्कम लिहून ठेवा, व्हाउचरचा फोटो काढा. मानधनातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापला गेला असेल आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. हे पैसे कित्येक जण तसेच सोडून देतात.

रजिस्ट्रेशनच्या, कार्डाच्या नावाखाली किंवा 'वर्कशॉप करा, काम नक्की' असं सांगून कुणी पैसे मागितले तर उठून या. आणि करार नीट वाचा. तुमचा आवाज एआयला शिकवायला वापरू, अशा अर्थाचं कलम हल्ली दिसतं. ते सही करण्याआधी काढायला सांगा, निदान त्याचे वेगळे पैसे तरी मागा.