थ्रीडी पात्राचं हसू भुतासारखं का दिसतं?
ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेला पैलवान हसला की भीती वाटते, असं विचारलंयस. भावा, तू नुसते ओठांचे कोपरे ओढलेस, डोळे तसेच दगडासारखे. एकमन आणि फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले: कोपरे उचलणं १२, गाल वर येऊन डोळे बारीक होणं ६. मनापासूनच्या हसण्यात सहसा दोन्ही असतात. म्हणून दोन वेगळ्या शेप की (चेहऱ्याचा बदललेला आकार साठवून हवा तेवढा लावायची सोय) कर. एकत्र लावल्यावर गाल पुरीसारखा फुगला (फुगतोच!) तर दुरुस्तीची तिसरी. डावी-उजवीकडं तंतोतंत सारखं नको.

आणि संध्याकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन बस. धारोष्ण दुधाचा पेला हातात, मिशीला फेस, कुणीतरी चेष्टा करतं. तेव्हा डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या कशा पडतात ते बघ.