फ्लेअर-स्टीमबोट की हार्ट-ऑस्टिन?

प्रश्न : प्रो रेसलिंगचा निकाल आधीच ठरलेला असतो, मग थोर कोण हे ठरवायचं कसं? आणि फ्लेअर-स्टीमबोट या पैलवानांच्या लढती सरस की हार्ट-ऑस्टिनची?

उत्तर : निकाल ठरलेला असतो हो, पण मार? रिक फ्लेअरचा उघड्या पंजाचा तडाखा बसला की समोरच्याची छाती लालबुंद व्हायची, तो काही मेकअप नव्हे. १९८९ मध्ये फेब्रुवारी ते मे या काळात फ्लेअर आणि रिकी स्टीमबोट शिकागो, न्यू ऑर्लिन्स आणि नॅशव्हिलला भिडले. न्यू ऑर्लिन्सची लढत तीनपैकी दोन डावांची, जवळपास तासभर चाललेली. एवढा वेळ प्रेक्षकाला खुर्चीच्या टोकावर बसवणं येरागबाळ्याचं काम नाही.

हार्ट-ऑस्टिनचं गणितच वेगळं. १९९७, रेसलमेनिया १३, म्हणजे प्रो रेसलिंगचा वर्षातला मोठा सोहळा. ब्रेट हार्टच्या शार्पशूटर या पाय पिळणाऱ्या पेचात अडकलेला स्टीव्ह ऑस्टिन. कपाळाचं रक्त दातांपर्यंत ओघळलेलं, पण गडी हार मानेना. शेवटी शुद्धच हरपली. आला तेव्हा खलनायक होता, गेला तो लोकांचा लाडका होऊन. हार्टचं नेमकं उलट झालं. जिंकूनही शिव्या खाल्ल्या बिचाऱ्याने.

निव्वळ कुस्ती म्हणून माझं मत फ्लेअर-स्टीमबोटला. पण रात्री झोप येईना तेव्हा पुन्हा काय लावून बसतो म्हणाल, तर हार्ट-ऑस्टिन.