‘सपोर्टेड लिव्हिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठीच्या एका सेवेचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. त्यात ‘सपोर्टेड लिव्हिंग’ला (म्हणजे लागेल ती मदत घेत स्वतःच्या घरी राहण्याला) ‘आश्रित निवास’ आणि ‘इंडिपेंडन्ट’ला ‘स्वावलंबी’ म्हटलं तर चालेल का?

‘आश्रित’ अजिबात नको. संस्कृत व्याकरणात तो नुसता ‘टेकलेला, आधाराला असलेला’ असेल, पण मराठीत आश्रित म्हणजे दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मर्जीवर राहणारा. इथे तर सगळा मुद्दाच घर कोणाचं हा आहे. इंग्लंडमधल्या व्यवस्थेत केअर होममध्ये खोली आणि देखभाल एकत्र मिळते. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या केलेल्या असतात: भाडेकरार त्या व्यक्तीच्या नावावर असतो आणि मदतनीस तिच्या दारी येतात. मदतनीस बदलले म्हणून घर सुटत नाही.

मराठीत हा फरक दोन क्रियापदांत चोख दिसतो. संस्थेबद्दल आपण सहज म्हणतो, ‘त्याला तिथे ठेवलंय.’ घराबद्दल म्हणतो, ‘तो तिथे राहतो.’ पहिल्यात तो कर्म आहे, दुसऱ्यात कर्ता. माझं मत ठाम आहे की पत्रकात ‘ठेवणं’ एकदाही येऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १९ मध्येही हेच आहे: कुटुंब नाकारतं, डोक्यावर छप्पर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणावरून मानसिक आजार असलेल्या कुणाला मानसिक आरोग्य आस्थापनेत (मनोरुग्णालयात किंवा तशा संस्थेत) ठेवून घेता येत नाही. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेच्या ‘होम अगेन’ उपक्रमात रुग्णालयात वर्षानुवर्षं काढलेल्या बायका साध्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात चार-पाच जणी मिळून राहतात. बाजारहाट, स्वयंपाक, शेजार हे सगळं त्यांचं असतं.

‘स्वावलंबी’ला माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. स्वावलंबी म्हणजे स्वतःची कामं स्वतः करणारा. अमेरिकेत बर्कलीला १९७२ साली सेंटर फॉर इंडिपेंडन्ट लिव्हिंग हे अपंग व्यक्तींनी स्वतः चालवलेलं केंद्र सुरू झालं. ते उभं करणाऱ्यांपैकी एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ हलू शकत नसत आणि त्यांना श्वासासाठीही यंत्र लागे. त्यांना स्वावलंबी कसं म्हणणार? पण कधी उठायचं, काय खायचं, मदतीला कोण हवं, हे ते स्वतः ठरवत. म्हणून शब्द ‘स्वतंत्र’च हवा. ‘स्वावलंबी’ लिहिलं, तर ज्याला आंघोळीला मदत लागते तो घरी राहायला अपात्र, असा उलटा अर्थ निघतो.

आता ‘सपोर्टेड’. ‘साहाय्यित’ शब्द सरकारी कागदाला ठीक आहे. ‘सहाय’ची फोड कोशांत ‘सह’ अधिक ‘अय’, म्हणजे बरोबर जाणारा, अशी देतात. ती मला फार आवडते. (लिहिताना ‘साहाय्य’ आणि ‘सहायक’ अशी रूपं ठेवा.) मात्र ज्यांच्यासाठी पत्रक आहे, त्यांना ते स्वतः वाचता यायला हवं. तेव्हा शीर्षक ‘मदतीसह स्वतंत्र राहणं’ असं द्या आणि पहिलं वाक्य ‘घर तुमचं, मदत आमची’ एवढंच ठेवा. अर्जासाठी किंवा करारासाठी ‘साहाय्यित वास्तव्य’ वापरा. ‘निवास’ म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते. आणि पत्रकात ‘लाभार्थी’ असेल तिथे, करार त्यांच्या नावावर असेल तर, सरळ ‘भाडेकरू’ लिहा.