हप्ता तेवढाच राहत असेल तर कर्जावरची सेकंडहँड गाडी देऊन दुसरी सेकंडहँड घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपूर्वी पाच वर्षांच्या कर्जावर घेतलेली छोटी पेट्रोल सेकंडहँड गाडी आहे, तीन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. क्लच जड झालाय, चढावर गाडी ओढत नाही, एसी गार करत नाही. डीलर म्हणतो ही द्या आणि मोठी डिझेल एसयूव्ही न्या, तीही वापरलेली, हप्ता जवळपास तेवढाच. रोजचं जाणंयेणं आठ-दहा किलोमीटरचं. बदलू का?

नका बदलू. निदान 'हप्ता तेवढाच' या कारणासाठी तरी अजिबात नाही. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझे मेहुणे गाड्यांच्या कर्जाच्या फायली करतात आणि दर वेळी हेच वाक्य तोंडावर फेकतात, तेव्हा हे उत्तर थोडं त्यांच्यासाठीही आहे.

तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून समजा धरून चालू. मूळ कर्ज ५ लाख, व्याज घटत्या शिलकीवर १२ टक्के, मुदत ६० महिने. हप्ता येतो ११,१२२. दोन वर्षांत तुम्ही २ लाख ६७ हजार भरले. त्यातलं मुद्दल फिटलं १ लाख ६५ हजार, उरलेले १ लाख २ हजार व्याजात गेले. डोक्यावर अजून ३ लाख ३५ हजार आहेत.

डीलर तुमच्या गाडीचे २ लाख ८० हजार देतो असं धरा. म्हणजे ५५ हजारांचा खड्डा. तो डीलर बुजवत नाही, नव्या कर्जात ढकलतो. एसयूव्ही ६ लाखांची, वर हे ५५ हजार, नवं कर्ज ६ लाख ५५ हजार. मुदत केली ८४ महिने, हप्ता आला ११,५६३. साडेचारशेसुद्धा वाढले नाहीत! मेहुणे खोटं बोलत नाहीत. फक्त काल तुमचे व्याज धरून एकूण ४ लाख भरायचे राहिले होते, आज ९ लाख ७१ हजार राहिलेत.

यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. व्याज दर महिन्याला शिलकीवर लागतं. तुमच्या पुढच्या हप्त्यात व्याज आहे फक्त ३,३५० च्या आसपास, म्हणजे पावणेआठ हजार मुद्दलात जाणार. कर्जाचा कडू भाग तुम्ही गिळून झालाय, आता प्रत्येक हप्त्याला खरंच काहीतरी फिटतंय. नव्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यात व्याजच ६,५५० आहे, मुद्दलाला मिळतात पाच हजार. तोच हप्ता, पण त्यातलं निम्म्याहून जास्त पुन्हा व्याजात. दोन वर्षं रखडून जिथे पोचलात तिथून परत पहिल्या पायरीवर.

आणि अजून दोन वर्षांनी? शिलकी कर्ज ५ लाख २० हजार. एसयूव्ही तोवर साडेचार लाखांवर आली तर खड्डा ७० हजारांचा. तेव्हा दुसरा कोणी डीलर तेच वाक्य म्हणेल. या मधल्या काळात गाडी अपघातात पूर्ण गेली तर विमा कंपनी पॉलिसीत ठरलेलं गाडीचं मूल्य देते, कर्जाची शिल्लक नाही. वरचे पैसे तुमच्या खिशातून, गाडी नसताना.

दर विचारताना 'घटत्या शिलकीवर की फ्लॅट' एवढं विचाराच. पाच वर्षांसाठी ८ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर १४ टक्क्यांच्या आसपास पडतं. ऐकायला ८ स्वस्त वाटतं, कारण फ्लॅटमध्ये फेडून टाकलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहतं.

एक्स्चेंजचा खेळही ओळखा. जुनीला 'तीन लाख देतो' म्हणतात आणि त्यातले जादाचे नवीच्या किमतीत आधीच चढवलेले असतात. म्हणून आधी एसयूव्हीची किंमत विचारायची, एक्स्चेंजचं नाव न काढता, लेखी. मग वेगळीकडे स्वतःची गाडी रोखीने विकली तर किती मिळतात ते पाहायचं. दोन्ही आकड्यांतला फरक हाच खरा व्यवहार. जुनीला किती 'दिले' याला काही अर्थ नाही.

आता गाडीकडे येतो. आठ-दहा किलोमीटरच्या वापराला डीपीएफवाली डिझेल गाडी म्हणजे विकतचं दुखणं. डीपीएफ ही धुराच्या नळीतली काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते, पण त्यासाठी आत साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं आणि गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. तुम्ही दहा किलोमीटरवर इंजिन बंद करणार. जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. बऱ्याच इंजिनांत हे तापमान गाठायला सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग झिजतात. टर्बोही याच ऑइलवर जगतो.

म्हणून डिपस्टिक स्वतः काढून बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. काडी पुसायची, पुन्हा घालायची, काढायची. ऑइल कमाल खुणेच्या वर दिसलं तर 'भरपूर ऑइल आहे' म्हणून खूश होऊ नका. बोटावर घेऊन चोळा, वास घ्या. डिझेलचा वास आला आणि बोटं पाण्यासारखी घसरली तर गाडी तिथेच सोडा. मग सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर आतली बाजू बऱ्यापैकी स्वच्छ असते. बोट काळंकुट्ट आलं तर जाळी फुटलेली आहे किंवा कोणीतरी कापून काढलेली आहे. मग धूर तपासणीत अडकणार ते तुम्ही, डीलर नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन गार हवं. बोनेटला हात लावून बघा. 'आत्ताच साहेबांना दाखवायला चालू केली होती' असं म्हणाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन चालू होतानाचा खडखडाट आणि निळा धूर गरम झाल्यावर दिसत नाहीत. ओबीडी स्कॅनर लावा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचणारं यंत्र. फॉल्ट कोड नाहीत यावर समाधान मानू नका, 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या की नाही ते) बघा. अंतर ३० किलोमीटर आणि मॉनिटर अपूर्ण म्हणजे बहुधा कालच कोणीतरी कोड पुसून डॅशबोर्डवरचा बिघाडाचा दिवा विझवलाय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी ४० हजार चाललेली म्हणतात आणि चारही टायर मूळच्यापेक्षा वेगळ्या तारखांचे असतील तर का बदलले ते विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर खालच्या टोकाला गाळाची रेघ राहते, सीटखालच्या रुळांवर गंज असतो. टायमिंग बेल्टवाली गाडी असेल तर बदलल्याचं बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हला आपटतो.

एवढं सगळं बरोबर निघालं तरी ती तुमच्यासाठी अनोळखी गाडीच आहे. तुमच्या गाडीची दुखणी निदान तुम्हाला माहीत आहेत. क्लच घसरतोय का ते असं बघा: मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी आरपीएमला चौथा गिअर टाका आणि एक्सलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेलं आणि वेग मागेच राहिला तर क्लचची प्लेट संपली. घसरत नाही आणि तरी चढावर ओढत नाही, तर क्लच बदलून काही होणार नाही. एअर फिल्टर, प्लग, कॉइल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासायला सांगा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होते की दाबल्यावर थांबते तेही ऐका. दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, थांबत असेल तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दुसरं काम महाग आहे, आधी कळलेलं बरं.

क्लच बदलायचा तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच. 'नुसती प्लेट टाकू, स्वस्तात होईल' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मजुरी गिअरबॉक्स उतरवायची असते, ती दोनदा का द्यायची? गिअरबॉक्स खाली आहेच तर क्रँकचं मागचं ऑइल सील बघा. ते गळत असेल तर नव्या प्लेटवर ऑइल येऊन ती महिन्याभरात घसरेल. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा आहेत का तेही स्वतः उभं राहून बघा.

एसीचं त्याहून सोपं. आधी केबिन फिल्टर काढा, अर्धी तक्रार तिथेच मिटते. मग रेडिएटरपुढचा कंडेन्सर कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोरात मारलंत तर पाती वाकतील. पंखा फिरतो का बघा. गॅस सगळ्यात शेवटी. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक पुढच्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक पक्कं करत असतो.

हा सगळा खर्च मांडा आणि तुमच्या बारा हप्त्यांच्या बेरजेशी ताडून बघा. माझा हिशेब साधा आहे: दुरुस्ती वर्षभराच्या हप्त्यांच्या निम्म्यात बसत असेल तर दुरुस्त करा आणि कर्ज संपवा. मेहुणे म्हणतात, दुरुस्तीत घातलेले पैसे बुडाले. बुडाले, मान्य. पण ते एकदाच बुडतात. अनोळखी गाडीची दुरुस्तीही बुडतेच, शिवाय ती गाडी विकत घ्यायचं व्याज सात वर्षं चालू असतं. या मुद्द्यावर ते दर वेळी विषय बदलतात.

बदलावी लागते अशाही वेळा असतात. खालच्या चासिसला किंवा सस्पेंशन जिथे बसतं तिथे गंजाने भोक पडलं असेल तर त्या गाडीत पैसे घालू नका. घरात माणसं वाढली, व्हीलचेअर ठेवायची आहे, अशी खरी गरज असेल तर व्याजाचं गणित दुय्यम. तुमची गाडी शिलकी कर्जापेक्षा जास्तीला विकली जात असेल, किंवा नवं कर्ज बरंच कमी दराने आणि उरलेल्या तेवढ्याच मुदतीत मिळत असेल तर विचार करा. लांबचा महामार्गाचा प्रवास रोजचा असेल तर डिझेलबद्दल वर लिहिलेलं बरंचसं लागू होत नाही. तुमचं तसं नाही, म्हणून लिहिलं.

तरीही बदलणारच असाल तर आधी तुमच्या बँकेकडून मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं पत्र घ्या. त्यात शिल्लक, बंद करण्याचं शुल्क, रोजचं व्याज आणि आकडा कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे चारही लिहिलेलं हवं. ॲपवर दिसणारी शिल्लक धरू नका, तिच्यात शुल्क नसतं. पैसे डीलरने थेट बँकेच्या कर्जखात्यात भरायचे आणि पावती तुमच्या हातात यायची. 'भरतो आम्ही आठवड्यात' यावर चावी देऊ नका. त्याने उशीर केला तर हप्ता तुमचा चुकतो आणि पत बिघडते तीही तुमची. खातं बंद झाल्याचं पत्र आणि ना-हरकत मिळेपर्यंत खात्यातून हप्ता कापण्याची सूचना रद्द करू नका, एखादा जादा गेला तर परत मागता येतो. त्यानंतर नोंदणीवरचा बोजा उतरवा, विम्यातून बँकेचं नाव काढा आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा कागद डीलरकडून मागून घ्या. तो येईपर्यंत त्या गाडीचा दंड आणि अपघात तुमच्याच दारी येऊ शकतात. गाडी दिली त्या दिवसाची तारीख, वेळ आणि मीटरचं वाचन लिहून डीलरची सही घेतलेला कागद तोवर जपून ठेवा.