संज्ञा पाठ झाल्या असतील तर

प्रिय,

तुझा मेसेज सावकाश वाचला. साहित्यातल्या टर्म्सच्या नोट्स पाठ झाल्या, सिमिली-मेटाफरपासून सिनेकडकीपर्यंतच्या व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगशील, पण न शिकवलेली कविता समोर आली की दोन ओळींपुढे पेन सरकत नाही म्हणतेस. इंग्रजी स्पेशल घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाची हीच रड असते, तेव्हा आपलं डोकंच कमी पडतंय असं मनात आणू नकोस. बारावीपर्यंत प्रश्नच तसा येतो : ओळीतला अलंकार ओळखा आणि स्पष्ट करा. 'र हा ध्वनी पुन्हा पुन्हा आला आहे म्हणून अ‍ॅलिटरेशन' एवढं लिहिलं की मार्क पदरात. उत्तर बरोबरच असतं. पण ध्वनी पुन्हा आलाय हे कवीलाही ठाऊक होतं की! त्यानं तो कशासाठी आणला, हे बी.ए.ला विचारतात आणि तिथे नोट्स गप्प बसतात.

एकच कविता घेऊन सांगते. पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन, त्याचं 'अँथम फॉर डूम्ड यूथ' हे सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, काढून समोर ठेव. 1917 मध्ये ओवेन एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इथल्या लष्करी इस्पितळात होता, युद्धाच्या धक्क्यानं मन खचलेल्या अधिकाऱ्यांच्या. तिथेच त्याला सीगफ्रीड ससून हा वयानं मोठा, नाव झालेला कवी भेटला आणि या सॉनेटच्या खर्ड्यांवरून त्याचा हात फिरला. सुरुवात प्रश्नानं होते : गुराढोरांसारखी मरणाऱ्या या पोरांसाठी कुठल्या घंटा? 'पासिंग-बेल' म्हणजे गावात कुणी गेलं की चर्चमध्ये वाजवायची ती घंटा. उत्तर येतं की घंटाबिंटा काही नाही, तोफांचा राक्षसी संताप तेवढा आहे. आणि मग ही ओळ, मोठ्यानं म्हण :

ओन्ली द स्टटरिंग रायफल्स रॅपिड रॅटल

'र' दिसला, अ‍ॅलिटरेशन. रॅटल म्हणताना खडखडाट ऐकू आला, ऑनोमॅटोपिया. रायफल तोतरी बोलते, पर्सॉनिफिकेशन, म्हणजे शाळेतली आपली चेतनगुणोक्ती. तीन नावं झाली, इथेच बहुतेक जण वही मिटतात. तू एक ओळ पुढे जा. या रायफली 'पॅटर आउट देअर हेस्टी ऑरिझन्स', घाईघाईत प्रार्थना पुटपुटतात. 'पॅटर' हे क्रियापद आलं आहे लॅटिन प्रार्थनेच्या 'पॅटर नॉस्टर' या पहिल्या शब्दांवरून, ती भराभरा उरकणाऱ्यांमुळे. आता सगळं एका जागी येतं. मेलेल्यासाठी पाद्र्यानं प्रार्थना म्हणायची. इथे पाद्री नाही, ज्या बंदुकीनं मारलं तीच ती उरकून टाकते आहे. आणि हे कवी सांगत बसत नाही. गोळीचा आणि पुटपुटण्याचा आवाज त्या 'र' आणि 'ट'नं एकच करून टाकतो. अ‍ॅलिटरेशननं इथे केलेलं काम ते हे. ओळीच्या जागी 'पुष्कळ बंदुकांचा आवाज' असं घालून बघ, माहिती तेवढीच राहते, पण बंदूक प्रार्थना करेनाशी होते.

आता शेवटच्या ओळीवर ये. आठ ओळींनंतर कविता रणांगण सोडून घरी येते. सॉनेटमधल्या या वळणाला व्होल्टा म्हणतात. आधी सगळा कल्लोळ, नंतर मागे राहिलेल्या मुलींचे पांढरे पडलेले चेहरे, आणि शेवटी :

अँड ईच स्लो डस्क अ ड्रॉइंग-डाउन ऑफ ब्लाइंड्स

घरात कुणी गेलं की खिडक्यांचे पडदे खाली ओढायची इंग्लंडमध्ये रीत होती. ओवेन म्हणतो, रोजची संध्याकाळच आता तो पडदा ओढते. इथे 'ड'चं अ‍ॅलिटरेशन आहे. पण स्लो, ड्रॉइंग, डाउन, ब्लाइंड्स, सगळे लांब स्वर. ओळ भरभर म्हणताच येत नाही. मघाशी ज्या युक्तीनं बंदूक तडतडवली, तीच आता पडदा हळूहळू खाली उतरवते. दोन्ही ठिकाणी उत्तरपत्रिकेत 'अ‍ॅलिटरेशन' एवढंच लिहिलंस तर परीक्षकाला तू दोन अगदी उलट गोष्टी एकच म्हणून सांगितल्यास. तुझं पेन अडतं ते इथे.

खर्ड्यात शीर्षकातला शब्द आधी 'डेड' होता, मग 'डूम्ड' झाला. डेड म्हणजे मेलेले, विषय संपला. डूम्ड म्हणजे अजून जिवंत आहेत, चालत निघालेत, पण ठरलेलं आहे. शिवाय त्यातला लांब 'ऊ' घंटेसारखा घुमतो. डिक्शन ही संज्ञा तुझ्या नोट्समध्ये 'चॉइस ऑफ वर्ड्स' अशी तीन शब्दांत आटोपलेली असेल. ती कळायला हा एक बदल पुरे. (ओवेन 4 नोव्हेंबर 1918 रोजी मारला गेला, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना. पंचवीस वर्षांचा होता. हे उत्तरात लिहायचं नाही, कवितेचे मार्क चरित्राला मिळत नाहीत. पण माहीत असावं.)

छंदाचं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची तिथे फसगत होते आणि कुणी कारण सांगत नाही. आपण वृत्तात लघु-गुरू मोजतो, म्हणजे अक्षर म्हणायला लागणारा वेळ. मनाचे श्लोक कानावर पडून पडून भुजंगप्रयात न शिकताच अंगात मुरलेला असतो. इंग्रजी छंद वेळ मोजत नाही, आघात मोजतो, आणि आपल्या बोलण्यात आघातानं अर्थ बदलत नसल्यामुळे कान तिकडे जातच नाही. इंग्रजीत 'प्रेझेंट'च्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर भेटवस्तू, दुसऱ्यावर दिला तर सादर करणं. शब्दकोशात आघाताची छोटी उभी रेघ असते, ती बघायची सवय लाव. मग टॉमस ग्रेच्या 1751 च्या एलिजीची, म्हणजे शोककवितेची, पहिली ओळ टेबलावर बोटानं ठोके देत म्हण : द कर्-फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्-टिंग डे. हलकं-जड, हलकं-जड, पाच वेळा. आयँबिक पेंटामीटर तो हाच, आणि इथे तो संध्याकाळच्या घंटेचे टोल देतो. आता ओवेनच्या 'ओन्ली'कडे परत बघ. ओळ जड अक्षरानंच सुरू होते, ठेका उलटतो. शांत गावातल्या घंटेच्या जागी काय आलं, ते पहिल्या अक्षरातच कानावर आदळतं. ठेका कुठे मोडला ते शोध, लिहिण्यासारखं बहुधा तिथेच सापडतं. अख्ख्या कवितेची खुणा करून मांडणी करत बसू नकोस, वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

बाकीच्या यादीतलं थोडं थोडं.

स्पीकर आणि पोएट एक नव्हेत, हे लाल पेनानं लिहून ठेव. ब्राउनिंगच्या 1842 च्या 'माय लास्ट डचेस'मध्ये एक ड्यूक पाहुण्याला भिंतीवरचं आपल्या दिवंगत बायकोचं चित्र दाखवतो आणि बोलता बोलता कळतं, की त्यानंच तिचा काटा काढला. दरवर्षी दोघं-तिघं तरी लिहितातच, 'इन धिस पोएम द पोएट किल्ड हिज वाइफ'. बिचारा ब्राउनिंग! हे ड्रामॅटिक मोनोलॉग आहे, बोलणारा ड्यूक आहे, आणि ज्या गोष्टी सांगायचं त्याच्या मनातही नसेल त्या आपल्याला त्याच्या तोंडून कळतात. आणखी एक गंमत : कविता यमकातच आहे, दोन-दोन ओळी जुळलेल्या, पण वाक्य ओळीच्या शेवटी थांबतच नाही, पुढे वाहतं, म्हणून यमक कानाला लागत नाही. एन्जॅम्बमेंटचं नाव सगळ्यांना येतं. इथे त्यानं खुन्याच्या बोलण्याला सहज गप्पांचा सूर दिलाय, हे लिहिणारा क्वचित.

आयरनी म्हणजे योगायोग नव्हे. पाऊस नेमका सहलीच्या दिवशी पडला, तर ते आपलं नशीब. 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकाचा चौथा प्रवेश काढ. राजा डंकन दगाबाज सरदाराविषयी म्हणतो, चेहऱ्यावरून मन ओळखण्याची कला नाही, त्या गृहस्थावर माझा पूर्ण विश्वास होता. आणि त्याच क्षणी रंगमंचावर मॅकबेथ येतो. त्याच्या मनात काय शिजतंय ते आपण आधीच्या प्रवेशात ऐकलेलं असतं, राजाला पत्ता नसतो. प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला नाही, ही झाली ड्रामॅटिक आयरनी. ती दाखवताना कुणाला काय ठाऊक आहे, ते आधी एका वाक्यात लिहून टाक, पुढचं आपोआप सुचतं.

मेटॉनिमी आणि सिनेकडकी यांच्यातल्या फरकावर मुलं अख्खी रात्र घालवतात. घरात खाणारी तोंडं वाढली, ही सिनेकडकी : तोंड हा माणसाचाच भाग. मंत्रालय हललं, ही मेटॉनिमी : इमारत माणसांचा भाग नाही, नुसती त्यांच्याशी जोडलेली. यापलीकडे त्यात डोकं घालू नकोस.

आणि हो, संज्ञांना जन्मतारखा असतात, काहींच्या जन्माला तर भांडणही असतं. 'पथेटिक फॅलसी', म्हणजे निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवणं, हा शब्द इंग्रज टीकाकार रस्किननं 1856 मध्ये घडवला तो नावं ठेवायला. एका कवितेत समुद्राचा फेस क्रूर आणि सरपटणारा म्हटला होता. त्यावर तो म्हणतो, फेस क्रूरही नसतो आणि सरपटतही नाही, दुःखानं भान सुटलेल्याला तो तसा दिसतो. आपण मात्र ढग रडले की कौतुकानं तेच नाव लावून मोकळे होतो. सतराव्या शतकातल्या जॉन डन वगैरे कवींना 'मेटाफिजिकल' म्हणताना टीकाकार डॉ. जॉन्सनही 1779 मध्ये टोमणाच मारत होते, की हे लोक एकमेकांशी काही संबंध नसलेल्या कल्पना जबरदस्तीनं एका जुवाला जुंपतात. उलट शाळेतलं उपमेय-उपमान इथे बिनधास्त वापर. टीकाकार आय. ए. रिचर्ड्सनं 1936 मध्ये मेटाफरसाठी 'टेनर' (उपमेय) आणि 'व्हेइकल' (उपमान) अशी जोडी मांडली, तिचं सार तू दहावीलाच शिकून आली आहेस. आपल्याकडे वर साधारण धर्म, म्हणजे दोहोंतला सारखा गुण, वेगळा काढून दाखवायचीही शिस्त आहे, ती मेटाफरवर लिहिताना फार कामाला येते.

पुस्तकांचं विचारलंस. एम. एच. अब्रॅम्सची ग्लॉसरी, म्हणजे साहित्यसंज्ञांचा कोश, कॉलेजच्या लायब्ररीत असेलच, 1957 पासून तिच्या आवृत्त्या निघताहेत, जुनी मिळाली तरी चालेल. पहिलं पान, दुसरं पान अशी वाचत जाऊ नकोस. कवितेत अडलीस की तेवढीच नोंद उघड. फोटोकॉपीच्या दुकानात मिळणाऱ्या 'शॉर्ट नोट्स'मध्ये व्याख्या बऱ्या असतात, उदाहरणं सगळीकडे तीच ती. परीक्षकही तीच वाचून कंटाळलेला असतो.

परिच्छेद लिहिताना संज्ञा पहिल्या वाक्यात आणूच नकोस. आधी ओळ वाचून तुला काय झालं ते लिही, मग कुठल्या शब्दानं झालं ते, आणि तिसऱ्या वाक्यात नाव घाल. नाव आठवलंच नाही तरी बिघडत नाही, 'द रिपीटेड हार्ड साउंड' लिहिलंस तरी वाचणाऱ्याला कळतं. चुकीचं नाव मात्र ठोकून देऊ नकोस.

ओवेनच्या त्या सॉनेटमध्ये पॅलर (चेहऱ्याचा फिकेपणा) आणि पॉल (शवपेटीवर घालायचं कापड) हे दोन शब्द एकाच ओळीत आहेत. त्यांच्यावर असा एक परिच्छेद लिही आणि वहीच्या पानाचा फोटो पाठव. इंग्रजी चुकलं तर चुकू दे, ते मी बघते. दिवाळीच्या सुट्टीत मी घरीच आहे, आईला घेऊन ये.

तुझी,
मॅडम