पैसे घेतले, माल पाठवलाच नाही. विक्रेत्याकडून रक्कम परत कशी मिळवायची?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी एका वेबसाइटवरून शिलाई मशीन मागवलं, कार्डने पूर्ण रक्कम भरली, आणि विक्रेता दर आठवड्याला 'या आठवड्यात नक्की' म्हणतोय. आता त्याला कसा मेल लिहू, असं विचारताय. मेल एकच लिहा, आणि नंतर त्याचा नाद सोडून थेट बँक गाठा.

मी नेमकं उलट केलं होतं. कॅमेऱ्याची लेन्स मागवली होती. आधी 'स्टॉक संपलाय', मग 'कस्टम्समध्ये अडकलंय', मग मालकाच्या घरी आजारपण. आजारपण ऐकून मी विरघळलो. दिवस जातील तशी माझी बाजू लंगडी होत जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, मला नव्हतं.

कार्डने भरलेले पैसे परत ओढून घेण्याच्या प्रक्रियेला चार्जबॅक म्हणतात. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत माल न मिळाल्याच्या दाव्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते. ती माल येणं अपेक्षित होतं त्या दिवसापासून मोजतात, पण व्यवहारापासून ५४० दिवसांच्या पुढे काहीच चालत नाही. विक्रेत्याने दिलेली नवी तारीख तुम्ही लेखी मान्य केलीत, तर 'ती उलटू द्या, मग या' असं बँक म्हणू शकते. म्हणून 'बरं, चालेल' हे दोन शब्द कुठेच टाइप करू नका.

यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. तुमची बँक रक्कम मागते ती विक्रेत्याच्या बँकेकडे, आणि ती बँक विक्रेत्याकडून वसूल करत बसते. त्यामुळे उद्या त्याने दुकान गुंडाळलं तरी तुमचा दावा मरत नाही. शिवाय माल आला नाही हे तुम्ही कसं सिद्ध करणार? पोचवल्याचा पुरावा त्यालाच द्यावा लागतो.

आणि तिथेच तो चलाखी करतो. माझ्या दाव्यावर त्याने एक ट्रॅकिंग नंबर पुढे केला. पार्सल माझ्याच शहरात 'डिलिव्हर्ड'! ट्रॅकिंगच्या पानावर पूर्ण पत्ता बहुतेक वेळा दिसत नाही, फक्त शहर दिसतं, याचा हा फायदा. मी कुरिअर कंपनीकडे लेखी विचारणा केली. पार्सल भलत्याच पत्त्यावर गेलं होतं आणि त्याचं वजन पाकिटाएवढं होतं. कंपनीचं उत्तर बँकेला दिल्यावर पारडं फिरलं. असा नंबर तुमच्यापुढे आला तर पत्ता आणि वजन, दोन्ही विचारा.

त्या एका मेलमध्ये ऑर्डर क्रमांक, रक्कम, कबूल केलेली तारीख, आणि 'आता माल नको, सात दिवसांत त्याच कार्डावर पैसे परत करा' एवढंच असू द्या. शिव्या नकोत; पुढे तो मेल बँकेतला माणूस वाचणार आहे. वेबसाइटच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच काढा, असली पानं रातोरात गायब होतात.

पेपॅलने भरले असतील तर वाद नोंदवायला पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात, आणि वाद नोंदवल्यावर २० दिवसांच्या आत तो दाव्यात बदलावा लागतो, नाहीतर आपोआप बंद होतो. बंद झालेला पुन्हा उघडत नाही. 'मित्र-नातेवाईक' या प्रकारात पाठवले असतील तर हे संरक्षण नाहीच.

थेट खात्यात पाठवलेल्या पैशांचं अवघड असतं. बँकेला लगेच सांगायचं, पोलिसांत तक्रार द्यायची, आणि विक्रेत्याचा खरा पत्ता हाती असेल तर नोटीस पाठवून कोर्टात जायचं. पत्ताच खोटा निघाला तर कोर्टाचा खर्च करण्याआधी दहादा विचार करा. आणि 'थोडी फी द्या, अडकलेले पैसे काढून देतो' असं सांगत कुणी तुम्हाला गाठलं तर तो दुसरा ठग समजा.

माझ्या खात्यात बँकेने रक्कम आधी तात्पुरती जमा केली होती, तीही खर्च करू नका असं बजावून. निकाल लागायच्या आत त्या 'आजारी' मालकाचा मेल आला: दावा मागे घ्या, आजच पूर्ण पैसे पाठवतो. मी लिहिलं, आधी पाठवा. त्यानंतर त्याचा एकही मेल आला नाही. दावा मी चालूच ठेवला होता, आणि ती तात्पुरती रक्कम काही आठवड्यांनी कायमची माझी झाली.