निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याचा एकही रुग्ण आढळलेला नसताना तोंडावाटे द्यायची लस देणे योग्य आहे का?

होय, योग्य आहे. किंबहुना दाटीवाटीची वस्ती, दूषित पाणी आणि अपुरी शौचालये एकत्र आली असतील, तर पहिल्या रुग्णाची वाट पाहणे धोक्याचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका हीच आहे आणि तिचे ठळक उदाहरण बांगलादेशातील कॉक्स बाजारचे आहे. म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांच्या छावण्यांत शौचालयांना लागूनच उथळ हातपंप खोदले गेले होते. तेथे ऑक्टोबर 2017 मध्ये, साथ सुरू होण्यापूर्वीच, जागतिक साठ्यातून आलेल्या सुमारे 9 लाख मात्रांच्या बळावर मोहीम राबवली गेली. एक वर्षावरील सर्वांना एक मात्रा आणि नोव्हेंबरमध्ये 1 ते 5 वर्षांच्या मुलांना दुसरी मात्रा देण्यात आली. त्यानंतर तेथे कॉलऱ्याची मोठी साथ उसळली नाही, आणि याचे बरेच श्रेय त्या मोहिमेला द्यावे, असे मला वाटते. सुई लागत नाही, हीदेखील मोठी सोय आहे: दीड मिलिलिटरची प्लॅस्टिकची नळी उघडून लस थेट तोंडात पिळायची असते, त्यामुळे थोडे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवकही ती देऊ शकतात.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. मात्रांच्या टंचाईमुळे ऑक्टोबर 2022 पासून साथीच्या वेळी दोनऐवजी एकच मात्रा देण्याचे धोरण आले. तिचे संरक्षण किमान सहा महिने टिकते, परंतु पाच वर्षांखालील मुलांमध्ये ते कमकुवत असते. म्हणून क्लोरिनयुक्त पाणी, शौचालये आणि जलसंजीवनी यांची व्यवस्था लसीकरणासोबतच झाली पाहिजे.